दहा हातांची बाई

पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यातल्या गावांचा अर्धा संसार मुंबईत असतो. घरटी एकजण तरी तिकडं. कुणी माथाडीत पाठीवर पोती वाहतो, कुणी वाशीच्या बाजारात हमाली करतो, कुणी सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी काढतो. गावाकडची घरं त्यांच्या पैशानं उभी राहतात, जत्रेची वर्गणी त्यांच्याकडून येते, देवळाच्या पायऱ्यांवर नावंही त्यांचीच कोरलेली असतात. अशाच एका गावात २०२० साली एक पेंटर राहत होता.

वय पन्नाशीच्या पुढं. तरुणपणी कोल्हापुरात सिनेमाची बॅनरं रंगवणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली त्यानं उमेदवारी केली होती. हातभर फोटोवर पेन्सिलीनं चौकोन पाडायचे, तेवढेच चौकोन वीस फुटी कापडावर पाडायचे आणि एकेका चौकोनात नाकाचा तुकडा, डोळ्याचा कोपरा भरत जायचं. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे, रस्ता ओलांडून पाहिलं की चेहरा बोलायला लागायचा. पुढं फ्लेक्स आला. रात्री सांगून सकाळी छापून मिळणाऱ्या फ्लेक्सपुढं ब्रश टिकेना. उस्तादाचं दुकान बंद झालं, पेंटर गावी परतला.

गावात त्याला भिंतींनी जगवलं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, तेव्हा त्यानं चावडीपासून स्मशानाच्या शेडपर्यंत घोषणा लिहिल्या. मुलींच्या शिक्षणाच्या, हागणदारीमुक्तीच्या, पल्स पोलिओच्या तारखांच्या. निवडणूक जवळ आली की पक्षाचे लोक आधी चुना फासून भिंत अडवून ठेवत, कोपऱ्यात 'राखीव' असं लिहून जात आणि मग पेंटरला निरोप येई. भिंतीवरची राजकीय चित्रं हे परदेशातलं खूळ आहे, असं शहरातल्या पुष्कळांना वाटतं. आपल्या खेड्यातल्या भिंती मात्र कायमच राजकारण बोलत आल्या आहेत. फक्त त्यांनी काय बोलायचं, हे त्यांच्यासमोर राहणाऱ्या माणसांनी कधी ठरवलेलं नसतं.

पेंटरनं स्वतःच्या मनानं काढलेलं चित्र एकच होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात सावित्रीबाई फुल्यांचं चित्र हवं होतं. मास्तरांनी पुस्तकातला चेहरा दाखवला. पेंटरनं मात्र १८९७ ची सावित्रीबाई काढली. पुण्यात प्लेग होता, मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्याकडं निघाल्या होत्या. त्याच प्लेगनं १० मार्चला त्यांचा जीव गेला. साठी ओलांडलेली बाई आणि पाठीवर तापानं फणफणलेलं पोर. पेंटरनं त्यांचे गुडघे वाकलेले दाखवले, पोराचे पाय सावरणाऱ्या हातांच्या शिरा दाखवल्या, कपाळावर घाम दाखवला. मास्तर आधी जरा नाराज झाले होते. मुलांना ते चित्र आवडायचं.

२४ मार्चच्या रात्री आठला कोरोनामुळं टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत देश थांबला. गावानं वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, एक मोडकी बैलगाडी आडवी लावली आणि दक्षता समिती नेमली. समितीनं पेंटरला पहिलं काम दिलं ते पत्र्याच्या पाटीचं. लाल अक्षरांत: 'बाहेरील व्यक्तींना गावात प्रवेश बंद.' बाहेरील म्हणजे कोण, ते लिहायची गरज नव्हती. मुंबईकर. ज्यांची नावं देवळाच्या पायऱ्यांवर होती, तेच. पेंटरनं पाटी लिहिली. अक्षर सुरेख आलं होतं.

एप्रिल संपता संपता सरपंचांनी त्याला बोलावून घेतलं. एसटी स्टँडसमोरची शाळेच्या कंपाउंडची सगळी भिंत त्याला द्यायचं ठरलं होतं.

"मोठं कायतरी पायजे पेंटर," सरपंच म्हणाले. "कोरोनाचा राक्षस काढ. वर देवी. देवीच्या हातात इंजेक्शन, स्टेथोस्कोप, पोलिसाची काठी, झाडू, सगळं येऊ दे. आन् तोंड आपल्या आशाताईचं काढ. गावाला बरं वाटंल."

कल्पना पेंटरला पटली. अडचण रंगाची होती. तालुक्याची दुकानं बंद. घरात काळ्या ऑइलपेंटचा अर्धा डबा आणि थोडा लाल उरला होता. बाकी त्यानं जुन्या पद्धतीनं जमवलं. चुना भिजत घातला, गेरू कुटला, पिवडी चाळली, बायकोच्या कपड्यांची नीळ मागून घेतली आणि बाभळीचा डिंक उकळून त्यात कालवला. गेरूत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून सोडली की सरळ लाल रेघ उमटते. तशा रेघा मारून त्यानं भिंतीवर चौकोन पाडले. गावच्या आशा स्वयंसेविकेच्या, आशाताईच्या आधारकार्डाच्या झेरॉक्सवरून चेहरा मोठा केला. दहा हात काढले. डोक्यामागं पिवडीचं तेज काढलं. पायाखाली काटेरी गोळ्याच्या डोक्याचा हिरवट राक्षस. खाली लिहिलं: 'कोरोना योद्ध्यांना मानाचा मुजरा.'

३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी देशभरच्या रुग्णालयांवर फुलं टाकली, त्याच आठवड्यात भिंत पुरी झाली. फोटो मोबाईलवरून तालुकाभर फिरला. तहसील कचेरीतून कौतुकाचा फोन आला, पेपरात तीन ओळींची बातमी आली. इतक्या वर्षांत पेंटरचं नाव पहिल्यांदा छापून आलं होतं. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी भिंतीच्या पायथ्याशी कुणीतरी नारळ फोडला. मग हळदकुंकू वाहिलं गेलं, उदबत्त्या लागल्या. पत्र्याचा एक जुना डबा उदबत्त्यांसाठी कायमचा तिथं येऊन बसला.

तेव्हा जगभरच्या भिंतींवर हेच चाललं होतं. इटलीत बेर्गामो शहर मढ्यांनी भरून गेलं होतं. तिथल्या रुग्णालयाच्या भिंतीवर फ्रांको रिवोली या चित्रकारानं पंख असलेली परिचारिका काढली, इटलीचा नकाशा तान्ह्या बाळासारखा कुशीत घेतलेली. इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या रुग्णालयाला बँक्सीनं मे महिन्यात एक चित्र दिलं. त्यात एक लहान मुलगा बॅटमॅन आणि स्पायडरमॅनच्या बाहुल्या टोपलीत टाकून परिचारिकेची बाहुली हवेत उडवतो आहे. पुढच्या मार्चमध्ये ते चित्र लिलावात सुमारे १ कोटी ६७ लाख पौंडांना गेलं आणि पैसा आरोग्यसेवेच्या धर्मादाय कामांना मिळाला. त्याच मार्च महिन्यात ब्रिटिश सरकारनं परिचारिकांना पगारवाढ सुचवली ती १ टक्का. ओरड झाली तेव्हा ती ३ टक्क्यांवर गेली. बँक्सीच्या त्या चित्राकडं मी पुन्हा पुन्हा पाहतो. त्या मुलाच्या हातात परिचारिका आहे, पण ती बाहुलीच आहे. खेळ संपला की तीही टोपलीत जाईल, हे चित्रकारानं जाणूनच काढलंय असं मला वाटतं. आपल्या पेंटरला हे अजून कळायचं होतं.

मेच्या मध्यावर आशाताई सर्वेक्षण करत पेंटरच्या दारात आली.

"घरात माणसं किती? ताप, खोकला? मुंबईवरनं कोण आलंय का?" तिनं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"दोघंच. मी आन् ही. आत ये की ताई, पाणी पी."

ती क्षणभर बघतच राहिली. "लई दिसांनी कुणीतरी आत ये म्हणालं."

आत मात्र ती आली नाही, पायरीवर टेकली. तोंडावर जुन्या साडीच्या काठाचा शिवलेला मास्क. काखेत जाडजूड रजिस्टर, त्याची पाठ निसटली होती म्हणून दोऱ्यानं शिवलेली. डाव्या पायातल्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिथं सेफ्टी पिन लावली होती. पिन टोचू नये म्हणून तिनं वरून चिंधी गुंडाळली होती. पेंटरची नजर त्या चिंधीवर गेली आणि तिथंच अडकली.

"चित्र बघितलंस का?" त्यानं विचारलं.

"बघितलं. रोज दोनदा तिथनंच जाती."

"मग?"

"पेंटरदादा, मला दहा हात दिलेत तुमी. एकातबी ग्लोव्ह घातला न्हाई."

पेंटर हसला. ती हसली नाही.

"एक जोड मिळालाय मला. रोज रातच्याला धुऊन वाळत घालती. सरकार ह्या कामाचं महिन्याला हजार रुपय देतंय, दिवसाला तेहतीस पडत्यात. आज सकाळी म्हातारी आक्का तुमच्या त्या भिंतीपुढं उदबत्ती लावत होती. मी मागनं आले तर पदर नाकाला लावून बाजूला झाली आन् घरात जाऊन कडी घातली. भिंतीवरल्या माझ्या पाया पडली आन् मला दार लावलं. गिरणीवाला माझं दळण बाहेरच ठिवा म्हणतो. नळावर बाया माझी घागर उतरंस्तवर थांबतात, मग नळ धुवून घेत्यात. माझ्या लेकीला खेळायला घेत न्हाईत." ती थांबली. "देवीला कशाला लागतंय दळण? देवीला ताप येत न्हाई, तिला पगार लागत न्हाई. तुमी मला देवी केली आन् समदे मोकळे झाले."

पेंटरला काय बोलावं सुचेना. "चांगल्या मनानंच काढलं होतं गं."

"मला ठाव हाय. पण तुमीच व्हरांड्यात सावित्रीबाई काढलीया. तिला कुठं दहा हात हाईत? दोनच हाईत आन् दोनी गुंतल्यात. माझी लेक ते चित्र बघून काय म्हणाली म्हाईत हाय? आई, तिची कंबर दुखत असंल." ती उठली, रजिस्टरात पेंटरच्या घरापुढं खूण केली. "माझं तोंड तेवढं पुसा तिथनं."

पेंटरनं पुसलं नाही. कारागिराला आपलं चांगलं उतरलेलं काम पुसवत नाही, आणि फ्लेक्सनं उचलून फेकलेल्या माणसाला तर नाहीच. त्यानं ते दुसऱ्या दिवसावर ढकललं, मग त्याच्या पुढच्या.

तेवढ्यात मुंबईकर आले. कुणी पास काढून, कुणी टेम्पोत दाटीवाटीनं बसून, कुणी रात्रभर चालत. वाशीचा बाजारच मे महिन्यात आठवडाभर बंद ठेवावा लागला होता. खोलीत बसून खायचं काय आणि भाडं द्यायचं कुठून? गावानं त्यांना शाळेत ठेवलं. ज्या भिंतीवर देवी होती, त्याच भिंतीच्या आत. वर्गाच्या फरशीवर सतरंज्या, डाव्या हातावर शिक्का. त्यांच्या आयाबहिणी गेटाबाहेर डबा ठेवून लांबूनच हाक मारत. आत जाणारी एकच होती. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायला, गोळ्या द्यायला, कुणाचं बीपी बघायला, आणि टाकीचं पाणी संपलं की घागर भरून न्यायला आशाताई आत जायची. पेंटर स्टँडच्या कट्ट्यावर बसून बघायचा. गेटातून आत जाताना ती स्वतःच्याच चित्राखालून वाकून जायची, कारण गेटावरचा पत्रा खाली आला होता आणि तो कुणी वर बांधला नव्हता.

मेच्या अखेरीस आशाताईला ताप आला. एकशेआठची गाडी तिला कराडला घेऊन गेली. तिच्या घराला पत्रे ठोकले गेले, 'प्रतिबंधित क्षेत्र' अशी पाटी लागली. आत सासू आणि दोन लेकरं. त्या रात्री गल्लीतली सगळी दारं दिवेलागणीलाच लागली. भिंतीपुढं उदबत्ती मात्र तेवती होती.

पेंटरनं त्याच रात्री चुन्याची बादली उचलली.

दोन रात्री तो भिंतीपाशी होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला निघालेल्या पोरांनी पाहिलं, तर राक्षस गेला होता. तेज गेलं होतं. दहातले आठ हात चुन्याखाली गेले होते आणि नीट पाहिलं तर पांढऱ्याखालून त्यांची छाया अजून दिसत होती. उरली होती एक बाई, दोन हातांची. एका काखेत दोऱ्यानं शिवलेलं रजिस्टर, दुसऱ्या हातात भरलेली घागर. डाव्या चपलेला सेफ्टी पिन आणि वर चिंधी. कमरेतून किंचित वाकलेली. आणि तिच्यापुढं, भिंतीच्या टोकापर्यंत, दारं.

ती दारं ओळखीची होती. लिंबू-मिरची टांगलेलं निळं दार आक्काचं. 'सुस्वागतम'ची फरशी बसवलेलं हिरवं दार पोस्टमनचं. गंजकं शटर गिरणीचं, त्याच्यावरचा पिठाचा पांढरा हातसुद्धा काढला होता. पितळी कड्यांचं सागवानी दार सरपंचांचं. कोपऱ्यात पेंटरचं स्वतःचं, खालची फळी कुजलेलं. सगळी बंद. खालची मुजऱ्याची ओळ गेली होती, तिथं काळ्या ऑइलपेंटनं एवढंच होतं: 'रोज ३३ रुपये.'

दुपारपर्यंत सगळं गाव लांब लांब उभं राहून भिंत बघून गेलं. कुणी मोठ्यानं बोललं नाही. संध्याकाळी चावडीवर अंतर ठेवून बैठक बसली. ग्रामसेवकानं पेंटरला सांगितलं की सार्वजनिक भिंतीवर विनापरवाना चित्र काढणं हा गुन्हा आहे, मालमत्तेच्या विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे, केस होऊ शकते.

"भिंत तीच हाय, रंग तोच हाय, काढणाराबी तोच," पेंटर म्हणाला. "मागल्या महिन्यात कायदा नव्हता?"

"मागल्या महिन्यात ती जनजागृती होती," ग्रामसेवक म्हणाला.

सरपंचांचा चेहरा लाल झाला होता. "गावाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस तू. उद्या सकाळी पुसायचं."

"पुसतो," पेंटर म्हणाला. "पण खोटं काय काढलंय ते सांगा, तेवढं आत्ताच पुसतो. ताईला कुणी दार उघडलं होतं? त्यानं उठावं. त्याचं दार मी आज रातच्याला उघडं रंगवतो."

कुणी उठलं नाही. एकानं विचारलं, "तुझं दार रं? तूबी बंदच काढलंयस."

"बंदच होतं. पाणी दिलं पायरीवर. पण एक काम सांगितलं होतं तिनं, ते तिला गाडीत घालून न्हेईस्तवर केलं न्हाई."

बैठक तशीच मोडली.

त्या रात्री आक्का उठली. वय पंच्याहत्तर, एकटी राहणारी बाई, भीती तिला खरोखरच होती आणि तिच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. जिला आजार झाला तर गाडी येईस्तोवर जीव जाईल, तिनं दार लावलं तर त्यात नवल काय? पण त्या रात्री तिनं चार भाकरी थापल्या, तांब्याभर दूध घेतलं, तोंडाला पदर घट्ट बांधला आणि आशाताईच्या घराच्या पत्र्यावरून आत दिलं. सासूला हाक मारून दहा मिनिटं पत्र्याच्या अल्याडून बोलत उभी राहिली. सकाळी पेंटरच्या दारात जाऊन म्हणाली, "माझं उघडं कर."

पेंटर ब्रश घेऊन आधी तिच्या घरी गेला. उघडं दार काढायचं तर आत काय दिसतं ते बघायला लागतं. त्यानं उंबऱ्यात उभं राहून पाहिलं: चूल, फडताळात उपडी घातलेली पितळी भांडी, भिंतीवर नवऱ्याचा फोटो, त्याच्या चौकटीत खोचलेला जुना लोकलचा पास. नवरा गिरणी कामगार होता. मग भिंतीवरच्या निळ्या दाराच्या मधोमध त्यानं काळी पट्टी ओढली, तिला रुंद केलं, आत पिवडीचा उजेड भरला आणि त्या उजेडात ती भांडी आणि फोटो काढला. लांबून पाहिलं तर घरात कुणीतरी आहे आणि आत या म्हणतंय, असं वाटायचं.

गिरणीवाला दुसरा. त्यानं दळण घरपोच दिलं आणि पैसे घेतले नाहीत. पेंटरनं त्याचं शटर अर्धं वर केलं. मग पोस्टमनच्या बायकोनं आशाताईच्या लेकीला पत्र्याच्या फटीतून वह्या आणि रंगाची पेटी दिली. मग शेजारची दोन घरं.

सरपंचांनी चुना कालवून दोन पोरांना भिंतीकडं पाठवलं, तेव्हा भिंतीपुढं पाच घरांतल्या बाया उभ्या होत्या. "आमचं दार हाय त्यात," आक्का म्हणाली. "माझा मालक हाय त्यात." पोरं बादली घेऊन परतली. आपलं बंद दार पुसलं जावं असं प्रत्येकाला वाटत होतं, पण उघडं दार पुसू द्यायला कुणी तयार नव्हतं. भिंत वाचली ती एवढ्यावर.

आशाताई बरी होऊन आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. गेरूचे ओघळ खाली उतरले होते, पण ऑइलपेंटची ओळ जशीच्या तशी होती. ती बराच वेळ बघत उभी राहिली. पेंटर जरा मागं उभा होता.

"चप्पल बराबर काढलीया," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीत गेली आणि कागद पुढं ठेवला: हातमोजे, मास्क, सॅनिटायझर, थर्मामीटर, ऑक्सिमीटर. पैसा वित्त आयोगाच्या निधीतून करता येतो, हे तिला माहीत होतं. सरपंचांनी कागदाकडं पाहिलं, खिडकीतून भिंतीकडं पाहिलं आणि ठराव घातला. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम आली. आशाताई पुन्हा घरोघर फिरली, तेव्हा पुष्कळ दारं तिची वाट बघत उघडी होती. सगळी नव्हती. सगळं गाव सुधारलं असं मी सांगणार नाही. तीन-चार दारं भिंतीवरही बंद राहिली आणि गल्लीतही.

त्यातलं एक दार गावच्या पुढाऱ्याचं होतं. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या आणि त्याला त्या भिंतीची आठवण झाली. स्टँडवर उतरणारा प्रत्येक मतदार ती भिंत बघत होता. तो रात्री पेंटरकडं आला, पाच हजार रुपये चटईवर ठेवले.

"दोन फटकारे मारायचेत फक्त. माझं दार उघडं कर. घराघरात बोलतात लोकं."

पेंटरच्या घरी त्या वेळी उधारीवर तेल येत होतं. त्यानं नोटांकडं पाहिलं, मग माणसाकडं.

"आत काय हाय ते बघितल्याबिगर मला काढता येत न्हाई," तो म्हणाला. "उद्या येऊ का घरी? ताईलाबी घेऊन येतो. चहा पिऊ, बघू, मग काढतो."

पुढाऱ्यानं पैसे उचलले. दार बंदच राहिलं आणि तो निवडून आला. भिंतीनं त्याला पाडलं असतं तर गोष्ट गोड झाली असती, पण भिंतीची ताकद तेवढी नसते. तो सरपंच झाल्यावर भिंतीला हात लावायला धजला नाही, एवढी मात्र होती.

दुसरी लाट आली. एप्रिलमध्ये खाटा मिळेनात, ऑक्सिजन मिळेना. आशाताईचं काम दुप्पट झालं, मोबदला होता तसाच राहिला. १५ जून २०२१ ला महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. कोरोनाच्या कामाचा योग्य मोबदला द्या, ही त्यांची मुख्य मागणी होती. नवव्या दिवशी सरकारनं महिन्याला हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य केला. मागितलं होतं त्याहून ते पुष्कळ कमी होतं.

संपाच्या आदल्या संध्याकाळी आशाताई पेंटरकडं आली. बरोबर शेजारच्या दोन गावांतल्या आशा होत्या. तालुक्याला पंचायत समितीपुढं बसायचं होतं, फलक हवा होता. पेंटरनं पत्रा घासून घेतला, पांढरा हात दिला.

"कुणाचं चित्र काढू वर?" त्यानं विचारलं. "तुमा तिघींचं?"

"चित्र नको. आकडा काढा. दिवसाला किती मिळतंय आन् किती पायजे, दोनच आकडे. एवढे मोठे की साहेबाला वरच्या मजल्यावरनं वाचता आले पायजेत."

पेंटरनं दोरी मारून रेघा पाडल्या आणि आकडे लिहिले. काळ्यानं एक, लाल रंगात दुसरा. कोल्हापूरच्या बॅनरवर नटाचं नाव लिहायचा, तशी प्रत्येक आकड्याला सावली दिली. रंग वाळेपर्यंत चौघं पायरीवर बसली, पेंटरच्या बायकोनं आत बोलावून चहा दिला.

"किती झाले?" आशाताईनं पिशवी उघडत विचारलं.

"तुझ्याकडनं कसले पैसे घ्यायचे ताई."

"का? रंग लागला न्हाई का? दुपारपास्नं वाकून बसलाय न्हवं तुमी? पत्रा किती, रंग किती, मजुरी किती, सांगा. आन् पावती द्या, संघटनेच्या हिशोबात लावायची हाय."

पेंटरनं वहीचा कागद फाडला. पत्रा, रंग, मजुरी अशा तीन ओळी लिहिल्या आणि खाली बेरीज करून सही केली. तिनं वर्गणीच्या दहा-वीसच्या नोटा मोजून त्याच्या हातात दिल्या. त्यानंही त्या तिच्यासमोरच मोजून घेतल्या.